भोंग्यातली लेक

"बाई, जरा गप्प बसता का? माझी लेक बोलतेय," आई म्हणाली, आणि मऊ भाताची ताटली हातात घेऊन तिच्या मागे उभी असलेली लेक गप्प बसली.

खालून नगरपालिकेची गाडी चालली होती. टपावर दोन भोंगे, एक पुढे तोंड करून, एक मागे, आणि दोन्हींतून एकच बाई सांगत होती, की खालच्या वस्तीतील नागरिकांना कळविण्यात येते, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे उद्या, सोमवारी, पाणी येणार नाही, उद्या, सोमवारी, तरी नागरिकांनी नोंद घ्यावी. आईने खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले होते आणि वाक्यावाक्याला ती मान डोलवत होती. शाळेच्या स्टेजवर आपली पोर पाठ केलेलं विसरणार तर नाही ना, या काळजीने समोर बसलेली बाई डोलवते तशी. गाडी कोपऱ्यावर वळली, आवाज विरला. आई मागे वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की लेकीला क्षणभर वाटलं, आता ही आपल्याला ओळखणार. आईने तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "ऐकलंत ना? उद्या पाणी नाही. भरून ठेवा हो." आणि कालपासून घट्ट मिटलेलं तोंड उघडून ती मुकाट्याने भात खाऊ लागली.

भोंग्यातली रेकॉर्ड केलेली बाई आणि ताटलीवाली बाई एकच, हे आईला सांगायची आता सोय राहिली नव्हती. ताटली घासताना तिला आधी हसूच आलं. आईने विसरायचं म्हटलं तरी काय काय विसरावं, याला काही धरबंध असतो; नवरा विसरली, परदेशी गेलेला मुलगा विसरली, स्वतःचं वय तर सोयीसाठीच विसरली असेल; पण पोटच्या पोरीचं तोंड विसरायचं आणि आवाज तेवढा लक्षात ठेवायचा, तोही घरातला नाही, सरकारी. मग हसू गेलं. तिला मत्सर वाटत होता. गाडीच्या टपावरच्या त्या बाईचा तिला सरळसरळ मत्सर वाटत होता. त्या बाईने आईला कधी अंघोळ घातली नव्हती, ओली चादर बदलली नव्हती, औषधासाठी हातापाया पडली नव्हती. नुसतं पाणी येणार नाही म्हणाली आणि आईने तिच्यासाठी तोंड उघडलं.

तो आवाज तिला तरी कुठे जन्मजात मिळाला होता. ती पाणीपुरवठा विभागात तक्रारी लिहून घ्यायला बसायची. आधीचे घोषणा करणारे गृहस्थ नाटकात कामं केलेले; कुत्र्यांच्या लसीकरणाची सूचनाही ते अशी सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, आता युद्ध होणार. त्यांचा घसा गेला तेव्हा साहेबांनी विभागातल्या सगळ्यांना एकेक चिठ्ठी वाचायला लावली. तिची वाचून झाली तसे साहेब म्हणाले, हा घ्या, हा आवाज कुणाशी भांडणार नाही. ही स्तुती की काय, ते तिला आजवर कळलेलं नाही. मग ती ते काम शिकली. गाडी चालत असते, एका घरासमोरून ती जाते तेवढ्यात सगळं सांगून व्हायला हवं, म्हणून वस्ती आधी सांगायची, दिवस दोनदा सांगायचा. भोंग्यात 'स' फुटतो, हसू फुटतं, घाई तर पार फुटते. म्हणून सगळं सपाट, लांब, शेवटी किंचित खाली उतरणारं. बोलताना कुणाचाही चेहरा डोळ्यांपुढे आणायचा नाही, नाहीतर आवाज त्या माणसाकडे झुकतो. हे शेवटचं तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिला सापडलं होतं आणि त्याचा तिला अभिमान होता. कराची शेवटची तारीख, मुलांचे डोस, बागेची बदललेली वेळ, गटारसफाई, वाचनालयाचं नवं दालन, रस्ता खोदणार, रस्ता बुजवणार, रस्ता पुन्हा खोदणार: गेली कितीतरी वर्षं हे शहर तिच्या तोंडून स्वतःबद्दल ऐकत आलं होतं. गल्लीतली पोरं तिला पाणीबाई म्हणायची. ती भाजी घ्यायला गेली आणि तोंड उघडलं, की माणसं चमकून बघत, नाही, तसा नाही वाटत आवाज, म्हणत. घरचा आवाज तिचा वेगळाच होता, चिरका, घाईचा, वाक्य अर्ध्यात सोडून देणारा. आईकडून आलेला.

कारण आईचा आवाज म्हणजे एके काळी काय विचारावं. ही लहान असताना खेळायला चार गल्ल्या पलीकडे गेली तरी दिवेलागणीला आई जिन्यात उभी राहून हाक मारी आणि ती हाक घरांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांमधून, सायकलींच्या घंट्यांमधून बरोबर हिच्यापर्यंत पोचे. मैत्रिणी हसायच्या. हिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा तिने आईला सांगून टाकलं, तू अशी ओरडू नकोस, सगळं गाव ऐकतं.  पुढे आईने हाक मारणं बंद केलं, नुसती जिन्यात येऊन उभी राहू लागली, आणि हिला खेळता खेळता मान वर करून बघावं लागे, आई दिसते का. हे तिला आता आठवायचं कारण नव्हतं. पण आईचं आठवणं बंद झाल्यापासून तिचं स्वतःचं फार वाढलं होतं. घरातल्या आठवणींचा सगळा बोजा एकटीवर पडल्यासारखं.

आई त्या गाडीचं आधीपासून ऐकायची, हेही खरं. डोकं शाबूत होतं तेव्हाही. गाडीने म्हटलं पाणी उकळून प्या, की चूल पेटलीच. मुलीने तोंडाने सांगितलेलं मात्र या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. दोन उन्हाळ्यांपूर्वी नगरपालिकेच्या दवाखान्यात साठीपुढच्या नागरिकांसाठी स्मरणशक्तीची मोफत तपासणी होती. सूचना हिनेच वाचली होती, सपाट, कुणाचा चेहरा समोर न आणता. घरी आई दुधाचं भांडं कपड्यांच्या कपाटात ठेवू लागली होती, पण ते हिने वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. दिवसभर नागरिकांची काळजी वाहून आल्यावर घरच्या नागरिकाकडे बघायचं त्राण राहत नाही. नंतर डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. म्हणाल्या, तुमच्या आई एकट्याच आल्या होत्या, चालत, रांगेत पहिल्या. कुणी पाठवलं विचारलं तर म्हणाल्या, लेकीने बोलावलंय. डॉक्टरीणबाईंना वाटलं, किती जागरूक मुलगी.  तिथून बाहेर पडल्यावर ती दवाखान्याच्या भिंतीला टेकून बराच वेळ उभी होती.

आता त्या भात खाण्याचं तिला वेड लागलं. गाडी त्यांच्या रस्त्याने रोज येत नसे. सूचना असेल तेव्हा, आणि सूचना त्या भागाची असेल तरच. मधल्या दिवसांत आई ओठ मिटून बसायची. दिवसा सांभाळायला येणारी बाई हात वर करून मोकळी झाली होती, तुमच्या हातूनच खातात, म्हणायची. माझ्या हातून कुठे, असं हिच्या ओठांवर यायचं. तिने मोबाइलवर सूचना भरून आणली आणि आईच्या उशाशी लावली. आईने फोनकडे बघून सांगितलं, कुणाचा तरी फोन वाजतोय, उचला. एकदा तिने शेजारच्या खोलीत उभं राहून, दार अर्धवट लोटून, पूर्ण सरकारी आवाजात सुरू केलं, की नागरिकांना कळविण्यात येते. आपल्याच घरात, ओल्या कपड्यांच्या वासात, स्वयंपाकाच्या हातांनी. आतून सगळं शांत झालं. तिला वाटलं जमलं. आई दारात आली, तिच्याकडे बघत राहिली आणि फार दुखावल्या आवाजात म्हणाली, "माझ्या लेकीची नक्कल करता होय?" त्या दिवशी आईने पाणीसुद्धा घेतलं नाही. तेव्हा तिला कळून चुकलं, की आवाज नुसता असून भागत नाही, तो बाहेरून यायला हवा, रस्त्यावरून, टपावरून. आईची लेक तिकडे राहत होती.

आणि एका दुपारी केस विंचरून घेताना आई आपणहून बोलू लागली. हल्ली ती हिच्याशी बोलायची, घरी कामाला ठेवलेल्या चांगल्या बाईशी बोलावं तशी, जरा मोठेपणाने. म्हणाली, "माझ्या लेकीला मोठी नोकरी आहे. सगळं गाव तिचं ऐकतं. पण बाई, ती सगळ्या गावाला सांगते, मला एकटीला कधी काही सांगत नाही. नागरिकांनो, म्हणते. आई म्हणत नाही." कंगवा तिच्या हातात तसाच राहिला. कामावर असते हो ती, असं काहीतरी ती पुटपुटली. आई म्हणाली, ते मला कळतं, मी कुठे तक्रार करतेय. आणि पुढे, अगदी सहज: मी पण तिला हाक मारायची सोडली ना.

हे ऐकल्यावर माणसाने काय करावं. तिने जे केलं ते शहाणपणाचं नव्हतं, आणि ते तिच्याच खात्यातल्या माणसाला सुचलं असतं, दुसऱ्या कुणाला नाही. पुढच्या आठवड्यात आईने सलग दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, आणि नेमकी त्या आठवड्यात शहराला काही सांगायचंच नव्हतं. सगळे नळ, रस्ते, गटारं गुण्यागोविंदाने नांदत होती. ती गाडीच्या ड्रायव्हरकडे गेली. हा माणूस इतकी वर्षं तिचा आवाज घेऊन शहरभर फिरला होता आणि तिच्याशी समोरासमोर क्वचितच बोलला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की ताई, लावू काय? सूचना तर नाही. जुनं काहीही लावा, ती म्हणाली, फक्त आमच्या रस्त्याला. त्याच्याजवळ त्या सोमवारच्या पाण्याचीच सूचना शिल्लक होती. दिवस कुठे कोण ऐकतं, असं दोघांनीही धरून चाललं. हे म्हणजे नवलच, कारण लोकांनी दिवस ऐकावा म्हणून तो दोनदा सांगायचा, हे ती इतकी वर्षं पाळत आली होती. आईने मान डोलवली, भात खाल्ला, वर थोडा मागून घेतला. पण तो रविवार होता, उद्या खरोखरच सोमवार. एका रस्त्याची बातमी तोंडोतोंडी वस्तीभर झाली; खालच्या वस्तीने उद्या पाणी नाही म्हणून एकदम नळ सोडले, पिंप, बादल्या, पातेली, जे मिळेल ते भरलं. टाकी उतरली आणि वरच्या वस्तीला, जिथे पाणी मुळातच करंगळीएवढं चढतं, संध्याकाळी थेंब आला नाही. टाकीपाशी बाचाबाची झाली, एका म्हाताऱ्या गृहस्थांना धक्का लागून ते पडले, त्यांचा हात मोडला.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं तिला वाटत राहिलं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाले, की गाडी तशीही बंदच करायची होती. डिझेल, दुरुस्ती, आवाजाच्या तक्रारी. सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, सूचना थेट तिथे जातील, लिहिलेल्या. नुसतं कुणीतरी निमित्त द्यायचं बाकी होतं, ते तुम्ही दिलंत. वर, शेवटची सूचना मात्र तुमच्याच आवाजात जाऊ दे, असंही म्हणाले, आणि ते त्यांनी चांगुलपणानेच म्हटलं होतं. ती चहा पीत होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: माझ्या आईची मुलगी जाणार. एखाद्याला घरात बातमी सांगतात, की ती गेली, तशी ही बातमी आपल्याला आधी कळली आहे, आणि जी जाणार ती आपणच आहोत, आणि मागे आईपाशी उरणार तीही आपणच, ताटलीवाली बाई. मोडलेल्या हाताच्या गृहस्थांना ती दवाखान्यात बघून आली. त्यांना ती कोण ते कळलं नाही, तिनेही सांगितलं नाही. ते तिला समजावत राहिले, की चूक कुणाची नाही, भोंगेवाली बाई कधी खोटं बोलत नाही, काहीतरी गफलत झाली असेल. 

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे जुन्या फायलींच्या खोलीचा एक कोपरा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावलेल्या, त्यांना कोंदट वास. तिने शेवटचा मजकूर वाचला. सर्व नागरिकांना कळविण्यात येते, की उद्यापासून ही सेवा बंद करण्यात येत आहे, उद्यापासून, सूचना मोबाइलवर मिळतील, आजवर दिलेल्या सहकार्याबद्दल आभार. एका दमात झालं, कुठे अडखळली नाही. मशीन चालूच होतं. बंद करायला हात पुढे केला आणि तो तिथेच राहिला. तिने पहिल्यांदाच, त्या गोधड्यांपुढे, एक चेहरा डोळ्यांसमोर येऊ दिला. जिन्यात उभी असलेली, हाक न मारणारी. आणि ती बोलली. फार नाही. आई, मी आहे. मी कुठे गेले नाही गं, घरातच असते. तुला भात भरवते ती मीच. एकदा हाक मार ना. आपला आवाज चिरका होतोय, 'स' फुटतोय, शेवट वर जातोय, हे तिला कळत होतं. कळत असूनही तिने ते पुन्हा केलं नाही. इतक्या वर्षांत बिघडूनही पुन्हा न केलेलं ते एकच रेकॉर्डिंग.

ड्रायव्हरला तिने सांगितलं, की शेवटचा तुकडा फक्त आमच्या खिडकीखाली. त्याने मान हलवली. आपली नोकरी आता कचऱ्याच्या गाडीवर जाणार, हे त्याने जाता जाता सांगितलं, तक्रार म्हणून नाही. तिने संध्याकाळची अर्धी रजा टाकली, घरी येऊन भात मऊ शिजवला, आईचे केस बांधले, तिला स्वच्छ झगा घातला. पाहुणे यायचे असावेत तशी धांदल. दिवसाची बाई बघत राहिली आणि विचारायचं काही न सुचून निघून गेली. आईला खिडकीशी बसवून ती मागे उभी राहिली.  तिला आशा वाटत होती, आणि इतकी, की तिची तिलाच लाज वाटली. आईने हाक मारली तर कोणत्या नावाने मारील, लहानपणच्या की मोठेपणच्या, इथपर्यंत ती पोचली होती.

गाडी आली. पहिल्याच शब्दाला आईचे हात गजांवर गेले, मान डोलू लागली. सेवा बंद करण्यात येत आहे, या वाक्यालाही ती डोललीच. तिच्या लेखी शब्दांना काही अर्थ नव्हता, ते कुणाचे एवढंच होतं. आभार झाले. गाडी बरोबर खिडकीखाली थांबली. भोंग्यातून खरखर झाली आणि मग, आई, मी आहे.

आईची मान थांबली.

मी कुठे गेले नाही गं, भोंगा म्हणाला, फाटक्या, घाईच्या, अर्ध्या न समजणाऱ्या आवाजात. आई गजांपासून जरा मागे सरकली. समोरच्या घरांतून माणसं गॅलरीत आली होती. तुकडा संपला. खाली ड्रायव्हरने वर पाहिलं, त्याला आईचा चेहरा दिसला असेल, ऐकू गेलं नसावं असं वाटलं असेल. भला माणूस, त्याने आवाज वाढवला आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला. आई, मी आहे. आईने दोन्ही कानांवर हात ठेवले. मग एक हात काढून तिने खिडकीचं दार ओढलं, ते अडकलं, तिने सगळा जोर लावून ते लावून घेतलं आणि कडी घातली. काचेपलीकडे तिची मुलगी हाक मारायची विनवणी करत होती, ती आता नुसती गुणगुण ऐकू येत होती.

"कोण बाई होती ती?" आई म्हणाली.  "माझ्या लेकीच्या गाडीत कोण घुसलंय? मला आई म्हणते. माझी लेक असं नाही बोलत, तुम्ही ऐकलंय ना? तिचं कसं शांत असतं. ही रडत होती." आणि मग तिने ताटलीवाल्या बाईचा हात धरला, कधी नव्हे तो घट्ट धरला, कारण खोलीत धरायला दुसरं कुणी नव्हतं. "बाई, खरं सांगा. ती माझी लेक नव्हती ना?"

गाडी निघाल्याचा आवाज आला, मग तोही गेला. आईचा हात ऊबदार होता आणि सोडत नव्हता. इतका वेळ आईने तिला धरून ठेवलं, असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली, सपाट, शेवटी किंचित खाली उतरत. "ती नव्हती."

आईने समाधानाने मान डोलवली.